दगडातला इंग्रज आणि कागदातला इंग्रज

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात इंग्रज राजवटीच्या खुणा जागोजागी आहेत. पण आपल्या कुटुंबांच्या रोजच्या जगण्यावर आजही हात ठेवून बसलेली खूण दगडाची नाही.

दिवाळीच्या सुटीत आमच्या घरच्या सातवीतल्या मुलाला शाळेने एक काम दिले होते. आपल्या जिल्ह्यातील ब्रिटिशकालीन वास्तूंची माहिती गोळा करायची आणि वहीत चित्रे चिकटवायची. मुलाने पहिल्याच पानावर जटपुरा गेटचे चित्र डकवले आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले, "इंग्रजांनी बांधलेला दरवाजा." घरात सगळे हसले. पण विचार केला तेव्हा लक्षात आले की ही चूक त्या एकट्या मुलाची नाही. जुने, मोठे आणि पक्के काही दिसले की ते इंग्रजांनी बांधले असणार, असे आपली मोठी माणसेही सर्रास बोलतात. "इंग्रजांचं काम पक्कं," हे वाक्य चहाच्या टपरीपासून खाणीच्या फाटकापर्यंत सगळीकडे ऐकू येते.

म्हणून आम्ही ठरवले की या निमित्ताने मुलांना घेऊन एक फेरी मारायची. इंग्रजांनी आपल्या भागात नेमके काय ठेवले, काय नेले आणि त्यातले काय अजून आपल्या घरात शिरून बसले आहे, ते डोळ्यांनी पाहायचे. त्या फेरीची ही हकिकत.

तटबंदी कोणाची, तुरुंग कोणाचा?

चंद्रपूरची तटबंदी गोंड राजांची. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. इंग्रज या देशात व्यापाराची परवानगी मागत फिरत होते, त्याच्याही आधीपासून येथे गोंडांचे राज्य होते. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी ते घेतले. इंग्रजांची फौज चांद्याच्या तटाखाली आली ती मे १८१८ मध्ये. कर्नल ॲडम्सच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि शहर पडले. म्हणजे या तटबंदीच्या बाबतीत इंग्रजांचे पहिले काम बांधण्याचे नव्हते, फोडण्याचे होते. मुलाने वहीतले वाक्य खोडून तसे लिहिले. २०१७ पासून शहरातल्या इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी या तटाची झाडेझुडपे काढली, बुरुज मोकळे केले. ज्या भिंतीकडे आपण पाठ करून बसलो होतो, ती पुन्हा नीट दिसू लागली.

मग इंग्रजांचे काय? गोंड राजवाड्याच्या जागेत त्यांनी तुरुंग केला. राजाच्या घराचा कैदखाना झाला, यातच पुढच्या शंभर वर्षांची गोष्ट आली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. चांदा थेट कंपनी सरकारच्या अमलाखाली गेला. चारच वर्षांनी या तुरुंगाचे नाव कायमचे इतिहासात गेले.

पिंपळाखाली

मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ च्या मार्च महिन्यात इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. त्यांच्यासोबत गोंड तरुणांची फौज होती. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. इंग्रजांना ही चकमक फार झोंबली, कारण त्या दिवसांत तारेची एक ओळ तुटणे म्हणजे राज्याची एक नस तुटण्यासारखे होते. डेप्युटी कमिशनर क्रिक्टनने बळाने जमले नाही तेव्हा दबावाचा मार्ग धरला. अहेरीच्या जमीनदारीणबाईंवर जोर आणला गेला आणि त्यांच्या माणसांकडून बाबूराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. बंडवाल्यांच्या जमीनदारीतली गावे बक्षीस म्हणून अहेरीकडे गेली.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला आदिवासी बांधव लांबलांबून तेथे अभिवादनाला येतात. तो दिवस आपल्या दीक्षाभूमीवरच्या १५-१६ ऑक्टोबरच्या सोहळ्यानंतर आठवडाभरात येतो. आपली घरे तेव्हा पाहुण्यांनी भरलेली असतात. आम्ही मुलांना सांगितले, पाहुणे जायच्या आधी एक दिवस या पिंपळासाठीही ठेवायचा. आपण आणि गोंड बांधव या जंगलात एकाच पाणवठ्याचे पाणी प्यालो. त्यांचा हुतात्मा आपल्याला परका कसा?

मुलीने विचारले, "इंग्रज इतके दूर या जंगलात कशाला आले?" या प्रश्नाचे उत्तर शहरात नाही. ते रुळांवर आणि नदीवर आहे.

साग, कोळसा आणि नदी

सिरोंचाकडे जाणाऱ्या माणसाला ग्लासफोर्डपेठा नावाचे गाव भेटते. तेलुगू-गोंडी-मराठी बोलणाऱ्या मुलखात हे इंग्रजी नाव कुठून आले? १८६० च्या दशकात सिरोंचा हे 'अपर गोदावरी' नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते आणि ग्लासफर्ड हा तेथला डेप्युटी कमिशनर होता. साहेब गेला, जिल्हा मोडला, त्याचा भाग चांद्याला जोडला गेला. गावाच्या पाटीवर मात्र साहेब राहिला.

त्या काळी इंग्रजांचे एक मोठे स्वप्न होते. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून बोटी चालवायच्या आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस थेट समुद्रापर्यंत न्यायचा. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यातला तिसरा आपल्या अहेरीजवळ, देवलमरीला. ठिकठिकाणी बंधारे, कालवे आणि दरवाजे बांधायला घेतले. जंगलातल्या तापाने मजूर आणि अधिकारी दोघेही आजारी पडत. तोपर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली होती आणि कापसाला दुसरी वाट मिळाली होती. १८७१ मध्ये हे काम सोडून देण्यात आले. "इंग्रजांचं काम पक्कं" म्हणणाऱ्यांनी हे अर्धवट टाकलेले कामही हिशेबात धरावे.

त्याच साली, म्हणजे १८७१ मध्ये, वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली गेली. ती खाण १९०६ पर्यंत चालली. जमीन खचू लागल्यावर बंद पडली आणि कोळशाचे काम बल्लारपूरकडे सरकले. पुढे १९२९ मध्ये काझीपेठ-बल्हारशाह मार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास गाडी आपल्या जंगलातून धावू लागली. गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट ही छोटी लाईन बंगाल-नागपूर रेल्वेची. नागपूर-नागभीडची नॅरोगेज गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी जणांना आपल्या लहानपणाचाच निरोप घेतल्यासारखे वाटले. मामाच्या गावाला जायची ती गाडी होती.

पण साहेबाने ती मामाच्या गावासाठी टाकली नव्हती. रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर लागत. जहाजांना, पुलांना, बंगल्यांना साग लागे. अहेरी-आलापल्लीचा साग देशात नावाजलेला. म्हणून १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला, १८७८ मध्ये दुसरा आला आणि १९२७ मध्ये तिसरा आला. हा तिसरा कायदा अजून चालू आहे. या कायद्यांनी जंगलाभोवती रेघ ओढली. रेघेच्या आत 'राखीव वन'. काल ज्या जंगलातून मोळी, बांबू, मोह, तेंदू, चराई सगळे होत होते, तेथे आज गेलात तर गुन्हेगार! माणूस तोच, झाड तेच, वाट तीच. बदलली ती कागदावरची एक ओळ.

साग आजही जातोच आहे. २०२३ मध्ये दिल्लीत उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी बल्लारपूरच्या डेपोतून साग गेला, याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटला. वाटायलाच हवा. मात्र जेथे तो साग वाढला, त्या गावातल्या बाईला जळाऊ काटक्या आणताना गार्डाची भीती का वाटते, हा प्रश्न त्याच संसदेत विचारला जायला हवा.

मग आपण इंग्रजांना काय म्हणायचे?

येथे काही वाचक आम्हाला अडवतील. म्हणतील, "इंग्रज नसते तर आपल्या बापजाद्यांच्या गळ्यातले मडके निघाले असते का? पलटणीत कोणी घेतले? शाळेची पायरी कोणी दाखवली?" प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

चांद्याच्या तटाला खिंडार पडले त्याच १८१८ सालच्या पहिल्या दिवशी भीमेच्या काठी कोरेगावची लढाई झाली. इंग्रजांनी आपल्या सैन्याच्या गौरवासाठी तेथे स्तंभ उभारला. त्यावर कोरलेल्या नावांत 'नाक' असा शेवट असलेली महार शिपायांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. तेव्हापासून साहेबाच्या फौजेचा तो स्तंभ आपल्या शौर्याचा स्तंभ झाला. दगड इंग्रजांचा, अर्थ आपण दिलेला. स्मारक असे जिंकायचे असते.

पण गोष्टीचा दुसरा भागही मुलांना सांगितला पाहिजे. ज्यांच्या नावांचा स्तंभ उभारला, त्यांच्याच नातवंडांना १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच सरकारने सैन्यभरतीचे दार बंद केले. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्जविनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर ती मोडूनही टाकली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात. गरज होती तेव्हा शूर, गरज संपली की अस्पृश्य. हा हिशेब साहेबाचा.

बाबासाहेबांनी हा हिशेब साहेबाच्या घरात जाऊन मांडला. २० नोव्हेंबर १९३० रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी विचारले की इंग्रज येण्यापूर्वी आमची जी स्थिती होती तीत काय बदल झाला? गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आता येते का? देवळात जाता येत नव्हते, आता येते का? पोलिसात आणि सैन्यात आता घेतात का? दीडशे वर्षांच्या राज्यानंतरही उत्तर 'नाही' असेच होते. म्हणून त्यांनी तेथे सांगितले की आम्हाला लोकांचे राज्य हवे आणि त्यात आमचा वाटा हवा. इंग्रजांचे उपकार मानून गप्प बसा, असे बाबासाहेबांनी कधी शिकवले नाही आणि इंग्रजांना शिव्या दिल्या की जातीचा प्रश्न संपला, असेही शिकवले नाही.

आपल्या भागात हिशेबाच्या दोन्ही बाजू उघड दिसतात. महारांचा जाड्याभरड्या कापडाचा हातमाग गिरणीच्या कापडाने मारला. मालगुजारी पद्धत आणून वसुली करणाऱ्यालाच जमिनीचा मालक केले. कसणारा बिचारा खालीच राहिला. ती मालगुजारी १९५१ मध्ये संपली. मात्र कापड गिरणी, खाण आणि रेल्वे यांनी गावची येसकी सोडून रोख मजुरीवर जाण्याची वाट दिली, हेही तितकेच खरे. सावली तालुक्यातला आसोलामेंढा आणि नागभीडजवळचा घोडाझरी हे तलाव इंग्रजी अमदानीतले. त्यांच्या पाण्यावर आजही धान पिकतो. तलावाला आपण नावे ठेवत नाही. पाण्याचा वाटा कोणाला किती, एवढेच विचारतो. इंग्रजांच्या सगळ्याच वारशाकडे असेच पाहावे, असे आम्हाला वाटते.

आजीचा प्रश्न

आता घरातली गोष्ट. आमच्या पुतणीचा नर्सिंगला नंबर लागला. जातपडताळणीचे प्रमाणपत्र हवे होते. आम्ही एका कार्यालयात गेलो. तेथे सांगितले की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची यादी जाहीर केली ती ही तारीख. आमच्याकडे काय होते? पुतणीच्या वडिलांचा दाखला, त्यावर 'बौद्ध'. आजोबा शाळेतच गेले नव्हते. पुन्हा गेलो तर टेबल बदललेले, तिसऱ्यांदा गेलो तर माणूस बदललेला. घरी परतल्यावर पुतणी रडू लागली. आजी ओसरीत बसून ऐकत होती. ती म्हणाली, "छप्पन साली जे चांद्याच्या मैदानात टाकून आलो, त्याचाच कागद आता आना म्हनते का?"

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, तेव्हा आजी आपल्या आईचा हात धरून त्या गर्दीत होती. जो शब्द तिने त्या दिवशी मागे सोडला, जो आम्ही मुलांना घरात कधी शिकवला नाही, तोच शब्द आता पुतणीच्या शिक्षणासाठी शोधायचा होता. आजीच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. फक्त इतके सांगता आले की धर्म बदलला तरी हजारो वर्षांचे नुकसान एका दिवसात भरून निघत नाही. म्हणूनच बौद्धांना सवलती मिळाव्यात यासाठी समाजाला वर्षानुवर्षे लढावे लागले आणि १९९० मध्ये केंद्राने कायदा बदलला. सवलत हवी तर नुकसानीचा पुरावा दाखवावा लागतो.

तेव्हा कोणीतरी म्हणाले, "कोतवाल बुक पाह्यलं का?"

निरक्षराचे बुक

मध्यप्रांतात इंग्रज सरकारने गावातल्या जन्ममृत्यूची नोंद ठेवायला लावली. कोण जन्मले, कोण मेले हे ठाण्यावर कळवायचे काम गावच्या कोतवालाचे. आपल्या भागात बहुतेक गावांत कोतवाल महारच असे. ऊन असो की पूर असो, आठवड्याच्या ठरल्या दिवशी तो बुक घेऊन ठाण्याची वाट चाले. त्या बुकात लिहिणारा दुसरा कोणी असे, कारण कोतवालाला लिहिता येत नसे. गुरुजी, पटवारी किंवा मुकादम लिहून देई. नाव, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव कित्येकदा लिहिलेलेच नसे. नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी'.

तहसीलच्या अभिलेख कक्षात आम्ही तीन खेपा घातल्या. कडा झिजलेली, वाळवीने खाल्लेली पाने, काही बाळबोध, काही मोडी. शेवटी सापडले. आजोबांच्या जन्माची एक ओळ. बाळाला नाव नाही. बापाचे नाव, पुढे जात, 'महार'. आणि ही खबर देणारा कोतवाल कोण? तोच बाप! आमच्या पणजोबांनी स्वतःच्या मुलाच्या जन्माची खबर स्वतः चालत जाऊन ठाण्यावर दिली होती. काय लिहिले ते त्यांना वाचता आले नव्हते. त्यांची खापरपणती ती ओळ वाचत उभी होती.

आजीला नक्कल दाखवली. तिने कागदावरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाली, "आमच्या बुढ्याले लिवता येत नव्हतं, पन बुक त्याचंच होतं."

वाचकहो, त्या दिवशी आम्हाला कळले की इंग्रजांचे सर्वात टिकाऊ स्मारक जटपुरा गेटपाशी शोधून सापडणार नव्हते. ते येथे, या धुळीच्या कपाटात होते. साहेबाने हे आपल्या भल्यासाठी केले नव्हते. किती माणसे, किती रोगराई, किती सारा, हे त्याला मोजायचे होते. पण मोजताना त्याला आपल्यालाही मोजावे लागले. ज्यांची नावे पोथीपुराणात लिहायची नाहीत असे ठरले होते, त्यांची ओळ बुकात आली.

त्याच लेखणीने जंगलही लिहिले

मात्र याच लेखणीने शेजारच्या पानावर जंगल 'राखीव' लिहिले. तो घाव अजून भरला नाही. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. वसाहतीच्या काळापासून वननिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करायचा, असे त्या कायद्याच्या सुरुवातीलाच म्हटले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू विकण्याचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये असा हक्क मिळाला. बांबूवर आता ग्रामसभेचा शिक्का चालतो. १९२७ च्या कायद्याने ओढलेली रेघ या गावांनी मागे ढकलली.

पण आपल्या बौद्ध कुटुंबांची अडचण वेगळी आहे. आदिवासी बांधवाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतो. आपण 'इतर पारंपरिक वननिवासी'. आपल्याला त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपले घर जंगलातल्या गावी होते आणि पोट जंगलावर होते, हे दाखवावे लागते. हिशेब करा. १९३० चा डिसेंबर निघतो! म्हणजे इंग्रजांनी केलेला अन्याय दूर करायला इंग्रजांच्या काळातला पुरावा आणा. बाबासाहेब लंडनला आपला प्रश्न मांडत होते त्याच थंडीत आपला पणजा कोणत्या गावी राहत होता, हे आज आपल्याला सिद्ध करायचे आहे. जबरानजोत करणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे दावे या एका अटीवर अडले आहेत.

अशा वेळी पुन्हा तेच कोतवाल बुक कामी येते. पणज्याच्या जन्माची किंवा खापरपणज्याच्या मृत्यूची ओळ त्या गावच्या बुकात असली तर कुटुंब तेव्हा तेथे होते, हे सांगणारा तो साक्षीदार ठरतो.

आता काय करायचे?

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. ठराव कागदावर पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा त्या कागदात जीव आला. कागद आपोआप काही देत नाही. त्यावर हात ठेवावा लागतो. म्हणून आमच्या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो.

घरातले वृद्ध आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून चार पिढ्यांची वंशावळ लिहून काढा. नाव, गाव, सोयरीक, कोण कोठे कोतवाल होते, कोण कोणत्या खाणीत होते, सगळे लिहा. हे काम मुलांना द्या, मुले आवडीने करतात.

तहसीलच्या अभिलेख कक्षात आपल्या गावच्या कोतवाल बुकाची चौकशी करा आणि प्रमाणित नक्कल मागा. नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, तो कायदा २००५ पासून आहे. जुन्या शाळेतले दाखल-खारीज रजिस्टरही पाहा. मूळ नोंदीवर कोणी 'दुरुस्ती करून देतो' म्हणाला तर त्याला दारात उभा करू नका. एका खाडाखोडीने खरी नोंदही संशयात जाते.

गरज पडेपर्यंत थांबू नका. मुलगी दहावीत असतानाच सुरुवात करा. प्रवेशाच्या आठ दिवस आधी धावाधाव करणाऱ्याला दलाल गाठतोच.

वनहक्काचा दावा असेल तर किमान दोन पुरावे लागतात. कागद नसला म्हणून घरी बसू नका. गावातल्या दुसऱ्या वृद्धाचा लेखी जबाब नियमात पुरावा म्हणून धरला आहे. जुनी विहीर, बांध, स्मशान हेही पुरावे आहेत. एखादा ठरावीकच कागद आणा, असा हट्ट समित्यांना धरता येत नाही. दावा ग्रामसभेत मांडा आणि ग्रामसभेला स्वतः हजर राहा. बायांनी तर अवश्य जावे. मोह आणि काटक्या कोणत्या वाटेने आणतात, हे पुरुषांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

आमच्या पुतणीला प्रमाणपत्र मिळाले. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. मुलाची वही शाळेत गेली. पहिल्या पानावर जटपुरा गेट, त्याखाली 'गोंड राजांचा दरवाजा, इंग्रजांनी १८१८ मध्ये तट फोडला.' दुसऱ्या पानावर पिंपळ. तिसऱ्यावर चांदा फोर्टचे रेल्वे स्टेशन. आणि शेवटच्या पानावर त्याने कोतवाल बुकाच्या नकलेची झेरॉक्स चिकटवली. खाली लिहिले, 'ब्रिटिशकालीन वास्तू क्रमांक ४.' गुरुजींनी त्यावर लाल पेनाने विचारले, "ही वास्तू कशी?"

मुलगा तोंडी उत्तर देणार आहे. आम्ही त्याला काही शिकवून पाठवलेले नाही. आजीने मात्र सांगून ठेवले आहे, गुरुजींना इतकेच सांग, हे आमच्या घराचं जोतं आहे.